एका घरातले तीन दिवे, तीन वाती: काजळीच्या तक्रारीचा पूर्ण माग

काकूंनी फुटलेल्या काचा टाकून दिल्या नव्हत्या. तीन काचांचे तुकडे त्यांनी जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवले होते, आणि मी पोचल्यावर सगळ्यात आधी तेच माझ्यासमोर उघडले. "दोन महिन्यांत तीन गेल्या," त्या म्हणाल्या. "चौथी आणायची हिंमत होत नाही आता."

घरात काका-काकू दोघंच. वादळी दिवसांत वीज जाते ती कधी दोन तास, कधी सबंध रात्र. बॅटरीचे दिवे आहेत, पण लांबलेल्या रात्री ते पुरत नाहीत. म्हणून तेलाचे तीन दिवे वापरात आहेत. एक चपट्या वातीचा कंदील. दुसरा टेबलावरचा पितळी दिवा, गोल वातीचा. आणि तिसरा मँटलचा दिवा, ज्याची वात गोल असते पण उजेड जाळीच्या टोपीतून येतो. तिन्ही जुने, तिन्ही भक्कम बांधणीचे, कुठेही गळत नव्हते.

तक्रार तिन्ही दिव्यांची एकच होती. पेटवल्यावर अर्ध्या तासात काच काळी होते, उजेड पडत नाही म्हणून वात चढवावी तर आणखी धूर, आणि मधेच काच तडकते. दिवेच म्हातारे झाले, असा निष्कर्ष दोघांनी काढला होता. मी दोन दिवस मागून घेतले.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण वरून एक दिसणारी ही तक्रार आतून सात-आठ वेगवेगळ्या चुकांची होती. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक चुकीवर घरात एकच उपाय केला जात होता: वात वर चढवणे.

वात काय करते

काकांशी पहिला तासभर बोलणं झालं ते यावरच. वात जळते आणि त्यातून उजेड येतो, असं त्यांना वाटत होतं. बऱ्याच जणांना वाटतं. वस्तुतः वात जळण्यासाठी नसतेच, ती तेल वर खेचण्यासाठी असते. सुताच्या बारीक बारीक पोकळ्यांमधून तेल आपोआप वर चढतं, टोकाशी पोचल्यावर ज्योतीच्या उष्णतेने त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते. तेल सतत येत राहिलं तर वात ओली राहते आणि टोकाची जेमतेम कड काळी होते. तेल कमी पडलं की मग सूत जळायला लागतं. ज्या वातीचं टोक भराभर कोळशासारखं कडक होतं, तिला तेल पोचत नाहीये एवढं तेवढ्यावरून ओळखावं.

आता उजेड. पिवळ्या ज्योतीचा उजेड हा ज्योतीतल्या कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. ते कण तापून झळाळतात, आणि ज्योतीच्या वरच्या कडेला पुरेशी हवा मिळाली तर तिथेच जळून जातात. हवा मिळाली नाही तर तेच कण काजळी होऊन काचेवर बसतात. म्हणजे उजेड देणारी वस्तू आणि काच काळी करणारी वस्तू एकच, फरक हवेचा. वात चढवली की तेलाची वाफ वाढते, हवा मात्र तेवढीच राहते. काच, बर्नर (वात धरून ठेवणारा धातूचा भाग) आणि वात या तिघांनी मिळून जेवढी हवा आत घेता येते, तेवढीच ज्योत मोठी करता येते. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर निव्वळ धूर.

मँटलच्या दिव्यात हा हिशोब उलटा होतो, आणि तिथेच या घरात मोठा घोटाळा झाला होता. त्याकडे नंतर येतो.

आधी तेल

मी दिव्यांना हात लावण्याआधी तिन्ही टाक्या रिकाम्या केल्या. प्रत्येकीतलं तेल वेगळ्या पारदर्शक बरणीत ओतलं आणि बरण्या खिडकीत ठेवल्या. एकदम सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं होतं.

कंदिलातलं रॉकेल पाण्यासारखं स्वच्छ होतं. पण बरणी जरा तिरपी केली तर तळाला मण्यांसारखे गोल थेंब लोळताना दिसले. ते पाणी होतं. तेलाचा डबा झाकण अर्धवट लावून दमट कोपऱ्यात ठेवलेला, त्यात ओल साचत गेली होती. रॉकेल आणि पाणी मिसळत नाही, पाणी जड म्हणून तळाला बसतं, आणि वातीची शेपटी नेमकी तळाशीच असते. सुताला पाणी फार प्रिय. एकदा वात पाण्याने भरली की त्या पोकळ्यांतून तेल चढत नाही. दिवा पहिली दहा मिनिटं बरा जळतो, मग फुरफुरतो आणि मंदावतो. काकू म्हणाल्या, "अगदी असंच व्हायचं."

टेबलावरच्या दिव्यात सुवासिक, रंगीत, दाट तेल होतं. बाटलीवर धूर होत नाही असं लिहिलेलं, म्हणून हौसेने आणलेलं. असं तेल बारीक वातीच्या शोभेच्या दिव्यांना चालतं. रुंद किंवा गोल वातीला ते भागत नाही, कारण तिथे ज्योत मोठी, तिची तेलाची भूक मोठी, आणि दाट तेल तेवढ्या वेगाने चढतच नाही. हे काकांना दाखवण्यासाठी मी एकाच नव्या वातीचे दोन तुकडे कापले, दोन्हींवर पेन्सिलीने खूण केली आणि एक रॉकेलच्या, एक त्या तेलाच्या वाटीत टोक बुडवून टांगला. रॉकेलची ओल खुणेला पोचली तेव्हा दाट तेल अर्ध्या वाटेवरही नव्हतं.

जुन्या काळी ही अडचण किती मोठी होती याची आज कल्पना येत नाही. वनस्पतींची आणि प्राण्यांच्या चरबीची तेलं दाट असल्यामुळे टाकी ज्योतीच्या जवळ किंवा वर ठेवावी लागे. १८०० मध्ये पॅरिसच्या कार्सेलने तर तेल वर ढकलायला दिव्याच्या पोटात घड्याळासारखं किल्लीचं यंत्र बसवलं होतं. १८५३ मध्ये लव्होव्हमधल्या (आजच्या युक्रेनमधलं ल्विव्ह) इग्नात्सी लुकासियेविच या औषधनिर्मात्याने खनिज तेलातून काढलेल्या रॉकेलचा दिवा तयार केला, आणि तेव्हापासून टाकी खाली, वात मधे, ज्योत वर ही साधी रचना शक्य झाली. आपल्या हातातला दिवा पातळ तेल गृहीत धरूनच बनवलेला आहे. त्यात दाट तेल ओतणं म्हणजे ते गृहीतच काढून घेणं.

मँटलच्या दिव्यात गेल्या वर्षीचं उरलेलं, पिवळं पडलेलं रॉकेल होतं. इथे काकांनी एक प्रश्न विचारला, ज्याने माझ्या पोटात गोळा आला. तेल जड वाटतंय तर त्यात थोडं पेट्रोल घालून पातळ करावं का? त्यांनी तसं केलेलं नव्हतं, नुसतं मनात आलं होतं. मी हातातलं काम खाली ठेवून त्यांना समोर बसवलं. दिव्यासाठीच्या रॉकेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची पेट घेण्याइतकी वाफ तयार होते तो बिंदू, ३८ अंश सेल्सिअसच्या वर असतो. पेट्रोलचा शून्याखाली चाळीसेक अंश. पेटत्या दिव्याची टाकी कोमट होते. रॉकेल तेवढं सोसतं. त्यात थोडंही पेट्रोल असेल तर टाकीतल्या मोकळ्या जागेत पेटणारी वाफ जमते, आणि वातीशेजारच्या फटीतून ज्योत आत पोचायला वेळ लागत नाही. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यातलं काहीही, एक चमचाही नाही. काकांनी मान हलवली आणि तेलाच्या डब्यावर स्वतःच्या हाताने ठळक अक्षरात "फक्त रॉकेल" असं लिहून टाकलं.

कंदील: चपटी वात

आता काचांचे तुकडे. तिघींपैकी दोन काचा कंदिलाच्या होत्या. मी तुकडे जुळवून पाहिले तर दोन्हींवर काजळीचा लांबट पट्टा होता, आणि तडा त्या पट्ट्यातूनच गेलेला. कंदिलात काच बसवायची जागा ठरलेली असते, म्हणून तडा वातीच्या कोणत्या टोकाच्या बाजूला होता ते ओळखता आलं. दोन्ही वेळा एकच बाजू.

वात वर काढून पाहिली. घरातल्या कात्रीने घाईत कापलेली, एका टोकाला दोनेक मिलिमीटर उंच. पेटवली की त्या टोकावर ज्योतीला शिंग फुटायचं. ते शिंग काचेच्या एकाच जागी लागून ती जागा तापवायचं, बाकी काच त्या मानाने गार. काच अशी असमान तापली की तडकते. पाण्याचा शिंतोडा किंवा गार वाऱ्याचा झोत ही निमित्तं ठरतात, दोष आधीच तयार असतो.

चपटी वात कापायची ती दिवा पूर्ण गार झाल्यावर. वात ज्या नळीतून वर येते तिच्या तोंडाबरोबर आणावी आणि धारदार कात्रीने, नळीच्या कडेच्या आधाराने, फक्त काळी कड सरळ रेषेत उतरवावी. मग दोन्ही कोपरे अगदी नखाएवढे तिरपे छाटावेत. कोपऱ्यांच्या या छाटणीने ज्योत मधे भरदार आणि कडांना उतरती होते, रुंद पानासारखी. कापल्यावर एकही सुटा धागा वर राहू देऊ नये, एका धाग्याचीही ज्योतीत सुई उभी राहते.

पण इथे वातच बदलावी लागणार होती. मूळची संपल्यावर काकूंनी जाड कापडाची पट्टी दुहेरी शिवून घातली होती. काम नेटकं होतं, टाके बारीक, पण दुहेरी कापड नळीत इतकं घट्ट बसलं होतं की वात वर-खाली करणारी चावी फिरवताना दातेरी चाक त्यावरून घसरत होतं. आवळलेल्या वातीत पोकळ्या दबतात आणि तेल चढत नाही. शिवाय त्या कापडात कृत्रिम धागा होता. एक धागा उसवून चिमट्यात धरून पेटवला तर टोकाला वितळून कडक मणी झाला. निव्वळ सुती धागा जळून मऊ राख होतो. वातीसाठी कुठलंही कापड घेण्याआधी ही परीक्षा करावी, मिनिटभराचं काम आहे.

योग्य वात कशी ओळखावी? नळीच्या आतल्या रुंदीएवढी, चावीने सहज वर-खाली होणारी, पण हलवल्यावर स्वतःहून न घसरणारी. या कंदिलाची नळी २२ मिमी होती, त्याच मापाची सुती विणलेली वात आणली. घरात एक १९ मिमीची पडून होती आणि ती "जाईल की" असं काका म्हणत होते. जाते. पण शेजारी जी फट उरते तीतून टाकीतली वाफ वर येते आणि ज्योत खाली झिरपू शकते. अरुंद वात कधी घालू नये.

वात बदलली, तेल बदललं, छाटणी केली. ज्योत सरळ आली, पण तरीही ती थरथरत होती आणि टोक पिवळं-तांबडं, हवेला हपापल्यासारखं. इथे मी थोडा गोंधळलो. मग कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्यांकडे लक्ष गेलं.

कंदिलाच्या या नळ्या नुसत्या मुठीच्या आधाराला नसतात. १८६०-७० च्या दशकांत अमेरिकेतल्या जॉन अर्विनने ही रचना आणली: वरच्या टोपीजवळ हवा आत घ्यायची, बाजूच्या नळ्यांतून खाली बर्नरखाली सोडायची, म्हणजे वाऱ्याचा झोत आला तरी ज्योतीला मिळणारी हवा एकसारखी राहते. थंड, ताजी हवा घेणारे कंदील गरम वापरलेली हवा फिरवणाऱ्यांपेक्षा जास्त उजेड देतात, आणि हा ताज्या हवेचाच होता. मी एका नळीत वाकवलेली तार घातली, ती आरपार गेली. दुसरीत मधेच अडली. हळूहळू फिरवत ओढल्यावर आधी माती सांडली, मग वाळलेल्या मातीचा एक बोटाच्या पेराएवढा नळकांडा बाहेर आला, आत कोळ्यांची सुकलेली कलेवरं. कुंभारीण माशीचं घरटं. कंदील न वापरता खुंटीला टांगलेला असताना तिने नळीत संसार थाटला होता. नळी मोकळी करून पेटवल्यावर ज्योत स्थिर झाली, आणि काकू पहिल्यांदा म्हणाल्या, "हा असाच जळायचा पूर्वी."

टेबलावरचा दिवा: गोल वात

या दिव्यात दाट तेलाने भिजलेली वात धुऊन वाचवायचा प्रयत्न मी केला नाही. तशी वात टाकूनच द्यावी.

बर्नर कॉसमॉस पद्धतीचा. बर्लिनच्या विल्ड आणि वेसेल यांनी १८६५ मध्ये तो बाजारात आणला. यात वात खालून रुंद चपट्या पट्टीच्या रूपात जाते आणि वर येता येता तिच्या दोन्ही कडा जुळून नळी होते. बर्नरच्या एका बाजूला खिडकी असते, तिथून हवा त्या नळीच्या पोटात शिरते. ज्योत गोल कड्यासारखी होते आणि तिला आतून-बाहेरून हवा मिळते. ही मूळ कल्पना जिनिव्हाच्या एमी आर्गाँची, १७८० च्या सुमाराची. त्याआधीचे दिवे आठवून पाहिले तर माणसाच्या रात्रींवर इतका परिणाम करणारे शोध थोडेच असतील, असं मला मनापासून वाटतं. एका भरीव ज्योतीला पोकळ केलं, बस.

नवी वात घालून, स्वच्छ रॉकेल भरून दिवा लावला, तरी ज्योत लांब, सुस्त आणि धुरकट. वात उतरवली तर धूर कमी, पण उजेड एका मेणबत्तीचा. खिडकी साफ होती. मग काच पाहिली. तिचं पोट मधे फुगीर होतं, कमरेला कुठेही आवळलेली नव्हती.

जुनी काच फुटल्यावर खालच्या घेराचं माप बरोबर जुळतं म्हणून ही आणली होती. पण कॉसमॉसची काच सरळ नळीसारखी असते आणि ज्योतीच्या जरा वर तिला ठळक कंबर असते. ती कंबर बाहेरून चढणाऱ्या हवेला आत वळवून थेट ज्योतीवर ढकलते. फुगीर काच असते मॅटाडोर पद्धतीच्या बर्नरसाठी, जिथे वातीच्या मधोमध दांडीवर धातूची चकती असते आणि तीच ज्योतीला बाहेर पसरवते. चकती नाही आणि कंबरही नाही, अशा जोडीत हवा ज्योतीला न शिवता बाजूने निघून जात होती. इथे वात, तेल, छाटणी काहीही केलं असतं तरी दिवा सुधारला नसता. कंबरेची काच मिळायला आठवडा लागला. ती बसवून वात एक मिलिमीटरभर वर ठेवली आणि काकांनी वर्तमानपत्र हात लांब करून वाचून दाखवलं.

नव्या काचेतही ज्योतीला एका जागी जीभ येत होती. ती जागा वातीच्या जोडावर होती. वात घालताना माझ्याकडून एक कड जरा वर राहिली होती. बर्नर उघडून दोन्ही कडा समान ओढून घेतल्यावर जीभ गेली. गोल वातीत हा जोड नेहमी आधी तपासावा.

छाटणीचा नियम इथे वेगळा. गोल वातीला शक्यतो कात्री लावू नये. गोलाईवर कात्रीने समपातळी साधत नाही, आणि एक चूक सुधारताना दुसरी होते. दिवा गार असताना वात नळीच्या कडेबरोबर उतरवायची आणि वरचा काळा गुल जाड कागदाच्या घडीने किंवा बोटावर गुंडाळलेल्या फडक्याने, नेहमी एकाच दिशेने पुसून काढायचा. धातूची कडच इथे मोजपट्टी असते. सुटा राहिलेला एखादा धागा तेवढा धारदार पात्याने उतरवावा.

मँटलचा दिवा

तिसरी फुटलेली काच याची. आणि सगळ्यात जास्त नुकसान याच दिव्याचं झालं होतं, कारण त्याच्यावर पिवळ्या ज्योतीचे नियम लावले गेले होते.

या दिव्यात ज्योतीने उजेड द्यायचाच नसतो. तिने निळं आणि कडक तापायचं, झळाळायची ती जाळी. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांनी १८८५ मध्ये जाळीचं पेटंट घेतलं. पुढे १८९१ मध्ये त्यांनी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड असं मिश्रण वापरलं, तेव्हा तिचा उजेड खरा पांढरा झाला. थोरियम किंचित किरणोत्सारी असतं, म्हणून आता पुष्कळ जाळ्या यिट्रियमच्या असतात. जुन्या जाळीची पूड मात्र फुंकून उडवू नये, ओल्या कागदात टिपून घ्यावी.

या दिव्यात पिवळी ज्योत दिसली म्हणजे कार्बन जळायचा राहिला, आणि तो जाळीवर काळे डाग होऊन बसतो. डागामुळे हवा अडते, ज्योत आणखी पिवळी होते, डाग वाढतो. काका दिवा लावून लगेच पूर्ण चढवत असत. पेटवल्यावर बर्नर जसजसा तापतो तसतशी तेलाची वाफ वाढते, म्हणून ज्योत चावीला हात न लावताही दहा-पंधरा मिनिटं आपोआप मोठी होत राहते. सुरुवातीलाच पूर्ण चढवलेली ज्योत पाव तासाने हाताबाहेर जाते. काका तोवर दुसऱ्या खोलीत गेलेले असायचे. एका अशा संध्याकाळी काच वरपर्यंत काळी होऊन तडकली.

डाग पडले तर घाबरायचं कारण नाही. वात उतरवून मंद ज्योतीवर दिवा ठेवावा, डाग हळूहळू जळून जातात. मी तसंच केलं, जाळी पुन्हा पांढरी झाली. पण चढवली की डाग नेमका त्याच बाजूला परत यायचा. कारण वातीत होतं. कंदिलाची वात कापतात तशीच ही पण काकूंनी कात्रीने "सरळ" केली होती. या दिव्यात अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटासुद्धा त्या बाजूची ज्योत पिवळी करतो. या वातीला कात्री कधीच लावायची नाही. तिच्यासोबत एक खाचांचं गोल साधन येतं, ते वातीवर हलक्या हाताने फिरवलं की गुल समान झडतो. घरात ते होतं, शिवणाच्या डब्यात, कशाचं आहे हे न कळून ठेवून दिलेलं.

नवी वात बसवताना माझीही एक चूक झाली, ती लिहायला हवी. ती टाकीत बुडवून मी जेमतेम पाव तास थांबलो आणि दिवा लावला. वात जाड, तेल टोकापर्यंत एकसारखं पोचलं नव्हतं, एका बाजूला सूतच जळलं आणि तो काठ खचला. साधनाने बराच वेळ झाडून पातळी परत आणावी लागली. त्यानंतर मी मँटलच्या दिव्याची नवी वात निदान एक तास भिजू देतो. कंदिलाच्या वातीलाही अर्धा तास द्यावा.

शिवाय बर्नरखालच्या जाळीदार भोकांत मेलेले किडे आणि कापसाची तुसं साचली होती. मऊ ब्रशने झाडल्यावर जाळीचा उजेड डोळ्यांना जाणवण्याइतका वाढला.

कोणता दिवा कशासाठी

हे काका-काकूंनीच ठरवलं, मी फक्त गुण-दोष सांगितले. कंदील दारात, जिन्यात आणि वाऱ्यात. एका हाताने उचलता येतो, तेल कमी खातो, आणि रात्रभर मंद ठेवला तरी कुरकुरत नाही. गोल वातीचा दिवा टेबलावर, वाचायला, जेवताना. मँटलचा दिवा काकूंच्या शिवणासाठी, आणि कुणीतरी त्याच खोलीत जागं असेल तेव्हाच. तो चांगलाच तापतो, त्याच्या वर छतापर्यंत निदान एक मीटर मोकळं हवं आणि जवळ पडदा नको. तेलही तोच सगळ्यात जास्त पितो. तिन्हींसाठी खिडकी बोटभर उघडी, कारण ज्योत खोलीतलीच हवा वापरते आणि कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. पेटत्या दिव्यात तेल ओतायचं नाही, विझवून गार झाल्यावरच.

काचतंतूच्या वातीबद्दल काकांनी विचारलं, ती जळत नाही असं त्यांनी ऐकलं होतं. खरं आहे, आणि लहान ज्योतीच्या दिव्यांना ती उत्तम. पण या तिन्ही बर्नरांना तेलाचा जो ओघ लागतो त्यासाठी मी सुती विणलेलीच वात घालतो.

टाकी अर्धी झाली की भरायची, हा एक छोटा नियम मी मुद्दाम लावून दिला. तेलाची पातळी खाली गेली की वातीला लांबून खेचावं लागतं, ओघ मंदावतो, उजेड उतरतो, आणि हात आपोआप चावीकडे जातो. भरताना वर थोडी जागा रिकामी सोडायची, तेल तापलं की फुगतं.

दीड महिन्यानंतर

परत गेलो तेव्हा वादळाच्या चार रात्री होऊन गेल्या होत्या. एकही काच गेली नव्हती. कंदिलाची काच दर दोन दिवसांनी कोरड्या कागदाने पुसली की पुरत होती. गोल वातीच्या दिव्याचा गुल काकू रोज सकाळी पुसत होत्या, त्यांना ते काम आवडायला लागलं होतं. बाजूच्या नळ्यांच्या तोंडांवर, कंदील टांगून ठेवताना, त्यांनी कापडाचे बोळे बसवले होते, आणि विसरून पेटवला जाऊ नये म्हणून दोन्ही बोळ्यांना लाल दोरा बांधून तो चावीला अडकवला होता. हे मी सांगितलेलं नव्हतं.

मँटलच्या जाळीवर एक फिकट डाग होता. काका म्हणाले, "काल लावला आणि फोन वाजला, उठून गेलो. परत आलो तर पिवळा झाला होता. उतरवला, वीस मिनिटं बसून राहिलो, बराचसा गेला." मी चावी पाहिली. त्यांनी पितळेवर खिळ्याने दोन बारीक रेघा ओढल्या होत्या. पहिली, पेटवताना किती चढवायचा. दुसरी, पाव तासानंतर कुठवर न्यायचा.